शेवाळ + बॅक्टेरिया वापरून सांडपाणी शुद्धीकरण: पीएच १० च्या पुढे जातोय आणि शेवाळ खाली बसत नाहीये

मृद्गंध:
नमस्कार मंडळी, माझं मास्टर्सचं प्रोजेक्ट शेवाळाने सांडपाणी शुद्ध करण्यावर आहे आणि दोन-तीन ठिकाणी गाडं अडलंय म्हणून इथे विचारतेय. लॅबमध्ये वरून उघड्या काचेच्या टाक्या आहेत, बाजूने एलईडी लाइट चोवीस तास चालू, खाली मॅग्नेटिक स्टरर, आणि सांडपाणी खरं नाही, आम्हीच बनवतो, म्हणजे ग्लुकोज, अमोनियम क्लोराइड, फॉस्फेट, थोडं बायकार्बोनेट आणि ट्रेस मेटल्स. त्यात क्लोरेला (एकपेशी हिरवं शेवाळ) सोडलंय. वाढ मस्त आहे, पाणी गर्द हिरवं होतं, अमोनिया नायट्रोजन लिटरला ५० मिलिग्रॅमवरून ५-६ वर येतो, फॉस्फेटही उतरतं. कागदावर सगळं छान दिसतंय.

पण पीएच १० च्या पुढे जातो आणि तिथेच राहतो. आणि स्टरर बंद करून टाकी रात्रभर तशीच ठेवली तरी पाणी हिरवंच, तळाला जेमतेम पातळ थर. मॅडम म्हणतात ॲक्टिव्हेटेड स्लज (सांडपाणी प्रकल्पातला बॅक्टेरियांनी भरलेला जिवंत गाळ) आणून मिसळ, शेवाळ आणि बॅक्टेरिया एकमेकांना सांभाळून घेतात. मला कळत नाहीये की बॅक्टेरिया शेवाळाच्या वाटणीचा अमोनिया पळवणार नाहीत का? हवेचा पंप न लावता त्यांना ऑक्सिजन पुरेल का? आणि स्लज टाकायचा किती? ज्यांनी प्रत्यक्ष काम केलंय त्यांनी प्लीज जरा सविस्तर सांगा.

हरितकण:
मृद्गंध, मॅडमचं बरोबर आहे, पण स्लज टाकायच्या आधी तो ५० चा ५ झालेला अमोनिया नक्की गेला कुठे ते शोध. मला वाटतं त्यातला बराचसा हवेत उडालाय.

कसं ते सांगते. पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो, अमोनियम आयन आणि मोकळा अमोनिया. २५ अंश तापमानाला पीएच ९.२५ असेल तर दोन्ही निम्मे-निम्मे. पीएच ८.२५ ला मोकळा फक्त ९ टक्क्यांच्या आसपास, आणि १०.२५ ला चित्र उलटं, मोकळाच ९० टक्क्यांच्या वर. तुझी टाकी उघडी, स्टरर सतत फिरतोय, म्हणजे त्याला बाहेर पडायला रान मोकळं. हिशोब सोपा आहे, करून बघ. शेवाळाच्या सुक्या वजनात नायट्रोजन साधारण ६ ते १० टक्के असतो. समजा लिटरमागे ३०० मिलिग्रॅम सुकं बायोमास नव्याने वाढलं आणि ८ टक्के धरले, तर २४ मिलिग्रॅम नायट्रोजन शेवाळात गेला. नायट्राइट-नायट्रेटमध्ये अजून ३ सापडला तर २७. पाण्यातून गेला ४५, मग उरलेला १८ कुठाय? असल्या आकड्याला सरसकट 'रिमूव्हल' म्हटलेलं दिसतं तेव्हा मला खरंच वाईट वाटतं, कारण मोठ्या तलावावर हाच अमोनिया वाऱ्याबरोबर जाऊन दुसरीकडच्या जमिनीवर आणि पाण्यात उतरतो, म्हणजे घाण फक्त जागा बदलते.

फॉस्फेटचंही तपासून घे. पीएच ९ च्या वर गेला की कॅल्शियमबरोबर त्याचा साका बसायला लागतो, तो शेवाळाने खाल्लेला नसतो, आणि पीएच उतरला की त्यातला काही परत विरघळू शकतो.

आता पीएच चढतो कशामुळे, तर शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं आणि तो संपला की बायकार्बोनेटवर जगतं. तुझ्याकडे तो परत भरून देणारं कुणी नाही. क्लोरेला थोडंफार ग्लुकोज स्वतःही खातं पण ते पुरेसं नाही. बॅक्टेरिया आले की ते ग्लुकोज जाळतात, ऑक्सिजन घेतात, कार्बन डायऑक्साइड सोडतात, आणि तोच शेवाळाला मिळतो. तरी एक लक्षात ठेव, घरगुती सांडपाण्यात नायट्रोजनच्या मानाने कार्बन मुळात कमी असतो, साधारण ३ ते ४ ला १, आणि शेवाळाला लागतो ६ ला १. म्हणून खऱ्या सांडपाण्यावर, भरपूर उन्हात, बॅक्टेरिया असूनसुद्धा दुपारी पीएच चढतो आणि मोठ्या तलावांत बाहेरून कार्बन डायऑक्साइड सोडावा लागतो.

अमोनिया पळवण्याबद्दल: हो, घेतात ना. ग्लुकोज खाणारे बॅक्टेरिया स्वतःच्या वाढीपुरता घेतात, त्यात काही बिघडत नाही, तोही नायट्रोजन गाळात बांधला जातो. नायट्रिफायर्सचं वेगळं आहे, ते अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्रेट करतात, म्हणजे नायट्रोजन पाण्यातच राहतो. १ मिलिग्रॅम अमोनिया नायट्रोजनला ४.५७ मिलिग्रॅम ऑक्सिजन आणि ७.१४ मिलिग्रॅम अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल मुरवण्याची ताकद, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबात) लागते. ही अल्कलिनिटी खाण्याची सवय तुझ्या कामाचीच आहे, पीएच खाली ओढला जाईल.

आणि ही देवाणघेवाण फक्त दोन वायूंपुरती नाही हं. २००५ मध्ये एक अभ्यास आला होता, त्यात बघितलेल्या ३२६ शेवाळ जातींपैकी १७१ जातींना बी-१२ जीवनसत्त्व बाहेरून लागतं असं दिसलं. शेवाळाला ते स्वतः बनवता येत नाही, बॅक्टेरिया बनवतात. अझोस्पिरिलम नावाचा बॅक्टेरिया क्लोरेलाबरोबर वाढवला की क्लोरेला जोरात वाढतं हेही बऱ्याच प्रयोगांत दिसलंय, तो इंडोल ॲसेटिक ॲसिड सोडतो, जे झाडांच्या मुळांनाही वाढायला लावतं. मला या विषयात सगळ्यात जास्त ओढ याच गोष्टीची वाटते. लोक ऑक्सिजनवर थांबतात.

गाळमित्र:
वर ताईंनी रसायन सांगितलंय, मी फक्त गाळ बसण्याबद्दल बोलतो, कारण माझ्या मते पूर्ण सिस्टिम चालणार की नाही ते इथेच ठरतं. पाणी कितीही शुद्ध झालं आणि शेवाळ त्यातून वेगळं काढता आलं नाही, तर आपण विरघळलेली घाण तरंगती करून पुढे ढकलली, एवढंच झालं.

क्लोरेलाची पेशी काही मायक्रॉनची, घनता पाण्याच्या अगदी जवळ, आणि वरून प्रत्येक पेशीवर ऋण भार, म्हणजे एकमेकींना ढकलतात. एकटं क्लोरेला रात्रभरात बसणार नाही, आठवडाभर ठेवलं तरी समाधान होईल असं नाही. सेंट्रिफ्यूज लावलं तर निघतं पण सांडपाण्याला एवढी वीज कोण घालणार. स्लजमधले बॅक्टेरिया जो चिकट पदार्थ सोडतात त्यात शेवाळ अडकतं, गुठळी होते, तिलाच आपण फ्लॉक म्हणतो, आणि फ्लॉक अर्ध्या तासात खाली येतो. हे जमलं की वरचं पाणी एकदम स्वच्छ दिसतं, बघत राहावंसं वाटतं.

पण नुसतं मिसळून फ्लॉक होत नाही, निवड करावी लागते. टाकी बॅचमध्ये चालव: भर, ढवळ, थांबव, अर्धा तास बसू दे, वरचं अर्धं पाणी काढून टाक मग ते हिरवं असलं तरी काढ, आणि तळाचं राहू देऊन नवीन पाणी भर. जे बसत नाही ते दर फेरीत वाहून जातं, जे बसतं ते टाकीत राहून वाढतं. सुरुवातीला खूप शेवाळ जातंय असं वाटून जीव खालीवर होतो, तरी बसायचा वेळ वाढवू नकोस. आणि क्लोरेलाच टिकलं पाहिजे असा आग्रह धरू नकोस, सिनेडेस्मस किंवा दुसरं काही आपणहून वरचढ होईल, होऊ दे. खऱ्या सांडपाण्यात शुद्ध कल्चर टिकत नाहीच.

स्टरर हळू ठेव. जोरात फिरवलं की फ्लॉक फुटतो, फारच हळू ठेवलं तर कोपऱ्यात साठून सडतो. आणि तुझ्या बनवलेल्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम किती घातलंय ते बघ, बऱ्याच रेसिपींमध्ये नावालाच असतात. दोन धन भार असलेले हे आयन ऋण भाराच्या पेशींना आणि त्या चिकट पदार्थाला जोडून धरतात, ते नसले तर फ्लॉक भुसभुशीत राहतो.

स्लज किती, तर थोड्यापासून सुरू कर. सुक्या वजनावर शेवाळ जास्त आणि स्लज कमी असं एक, दोघांचं समसमान असं दुसरं, अशा दोन टाक्या लाव आणि बघ. खूप स्लज टाकलास तर पाणी तपकिरी होऊन प्रकाश आत जाणार नाही, मग ऑक्सिजन कमी आणि वास सुरू. गाळ जुना करत बसणंही तितकंच वाईट, म्हणून थोडा गाळ नियमित बाहेर काढायचा, प्रकाश आत गेला पाहिजे.

रात्रपाळी:
धागा वाचतोय, आवडला. मी एका सांडपाणी प्रकल्पावर ऑपरेटर आहे, नेहमीचा ॲक्टिव्हेटेड स्लज, ही पद्धत १९१४ मध्ये मँचेस्टरला निघाली आणि अजून तीच चालू आहे. आमच्या विजेच्या बिलात निम्म्याहून जास्त वाटा ब्लोअरचा, म्हणजे टाकीत हवा सोडणाऱ्या यंत्रांचा. डिफ्यूझर (ज्यातून हवेचे बारीक बुडबुडे सुटतात ते) जरा चोंदले की बिल अजून वर. म्हणून सरळ विचारतो, शेवाळाने ऑक्सिजन दिला तर ब्लोअर बंद करता येतील का? आणि येत असतील तर सगळे का करत नाहीत? मला खरंच उत्तर हवंय कारण आमच्याकडे दर थोड्या दिवसांनी कुणीतरी येऊन हे होईल म्हणून सांगतं.

हरितकण:
रात्रपाळी दादा, होतं, पण जमीन लागते. हिशोब मांडते, तुम्हीच बघा.

१ ग्रॅम शेवाळ वाढताना साधारण १.५ ग्रॅम ऑक्सिजन सोडतं. उघड्या उथळ तलावात चांगल्या उन्हात चौरस मीटरला दिवसाला २० ग्रॅम शेवाळ मिळालं तर ते उत्तम समजायचं. म्हणजे ३० ग्रॅम ऑक्सिजन. एका माणसाच्या रोजच्या सांडपाण्याचा बीओडी (त्यातली घाण खायला बॅक्टेरियांना लागणारा ऑक्सिजन) डिझाइनला ६० ग्रॅम धरतात, म्हणजे नुसत्या ऑक्सिजनसाठी माणशी २ चौरस मीटर. इथपर्यंत ऐकायला बरं वाटतं. आता नायट्रोजन घ्या. माणशी रोज १० ते १२ ग्रॅम येतो. २० ग्रॅम शेवाळात ८ टक्क्यांनी १.६ ग्रॅम मावतो. तो सगळा शेवाळातच घालायचा म्हटलं तर माणशी ७ चौरस मीटर. लाखभर वस्तीला ऑक्सिजनपुरते २० हेक्टर, नायट्रोजनपर्यंत गेलात तर ७० च्या घरात. तुमचा एरेशन टँक त्यापुढे केवढासा असतो ते तुम्हाला माहीतच आहे. आणि हे चांगल्या उन्हाचं झालं, ढगाळ आणि थंड हवेत हाच आकडा कुठल्या कुठे जातो.

जमीन आहे तिथे मात्र ही पद्धत फार चांगली आहे आणि नवीनही नाही. कॅलिफोर्नियात बर्कलेला विल्यम ऑस्वाल्ड आणि हॅरल्ड गोटास यांनी १९५० च्या दशकात यावर काम केलं, रेसट्रॅकसारखा वळसे घेणारा उथळ तलाव त्यातूनच पुढे आला. खोली ३० सेंटिमीटरच्या आसपास, पॅडलव्हीलने सेकंदाला १५ ते ३० सेंटिमीटर वेगाने पाणी फिरवायचं, पाणी आत ३ ते ८ दिवस. पॅडलव्हीलला ब्लोअरच्या मानाने वीज फारच थोडी लागते. दुपारी डीओ, म्हणजे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन, लिटरला २० मिलिग्रॅमच्या वर जातो, जिथे २५ अंशाला हवेशी समतोलात पाण्यात ८ च्या आसपासच मावतो. ऊन, चढलेला पीएच आणि एवढा ऑक्सिजन यांनी रोगजंतूही मोठ्या प्रमाणात मरतात.

गाळमित्र:
ताईंच्या हिशोबात एक भर घालतो, नाहीतर ७० हेक्टर वाचून लोक धागा बंद करतील. नायट्रोजन सगळाच शेवाळात घालायची गरज नाही. दिवसा शेवाळाच्या ऑक्सिजनवर नायट्रिफिकेशन (नायट्रिफायर्सनी अमोनियाचं नायट्रेट करणं) होऊ द्यायचं, रात्री डीओ शून्यावर येतो तेव्हा त्या नायट्रेटचं डीनायट्रिफिकेशन, म्हणजे दुसरे बॅक्टेरिया त्याचा नायट्रोजन वायू करतात आणि तो निघून जातो. यासाठी त्या वेळी टाकीत खाद्य पाहिजे, म्हणून ताजं सांडपाणी अंधार सुरू होताना भरायचं. नायट्रोजनसाठीची जागा यात बरीच वाचते. अर्थात नायट्रिफिकेशनला ऑक्सिजन लागतो तो शेवाळाच्याच खात्यातून जाणार, त्यामुळे जागा त्या २ चौरस मीटरवर येत नाही, मधे कुठेतरी थांबते.

रात्रपाळी, तुमच्यासारख्या चालू प्लांटवर माझं मत असं की ब्लोअर बंद करायचं स्वप्न सोडा आणि गाळ दाबून जे पाणी निघतं त्याकडे बघा. थोडंसंच पाणी पण अमोनियाने खचाखच भरलेलं, आणि ते परत इनलेटला जाऊन तुमच्याच ब्लोअरवर बोजा टाकतं. तेवढ्यापुरता शेवाळाचा छोटा तलाव बसवता येतो. ते पाणी काळपट असतं म्हणून पातळ करून घ्यावं लागतं, नाहीतर प्रकाश आत जात नाही आणि एवढा अमोनिया शेवाळालाही झेपत नाही.

रात्रपाळी:
हे पटलं. त्या पाण्याचा विचार कुणी कधी बोलूनच दाखवला नव्हता. एक अजून, उघड्या तलावात शेवाळ अचानक गायब होतं असं ऐकलंय, ते खरं का?

हरितकण:
खरं आहे. रोटिफर आणि पाणपिसवा हे शेवाळ खाणारे बारीक प्राणी वाढले की गर्द हिरवा तलाव दोन-तीन दिवसांत नितळ होऊ शकतो, आणि नितळ दिसला म्हणून आनंद मानू नका, ऑक्सिजन बनवणारं कुणी उरलेलं नसतं. रोज एक थेंब मायक्रोस्कोपखाली बघणं हाच उपाय, हे प्राणी वाढताना आधी दिसतात. मोठ्या फ्लॉकमधलं शेवाळ त्यांना गिळता येत नाही, म्हणून गाळमित्र म्हणतात ती निवड इथेही उपयोगी पडते.

मृद्गंध:
बापरे, किती दिलंत सगळ्यांनी, मनापासून आभार. हरितकण ताई, तुमचा हिशोब माझ्या बायोमासच्या आकड्यांवर घालून बघितला आणि नायट्रोजन खरंच जुळत नाही, बराच कमी पडतो. आता प्रश्न हा की तो हवेतच गेला हे दाखवायचं कसं, नुसतं 'जुळत नाही म्हणून उडाला असेल' असं लिहिलं तर परीक्षक सोडणार नाहीत. दुसरं, लाइट चोवीस तास ठेवू की बारा? आणि ट्रीट केलेल्या पाण्याचा बीओडी मला अपेक्षेपेक्षा फार जास्त येतो, सीओडी (रसायनाने सगळी घाण जाळायला लागणारा ऑक्सिजन) कमी झालेला असताना, हे काय आहे?

हरितकण:
बीओडीचं आधी, कारण ते पटकन सांगता येईल. तू सँपल न गाळता लावतेस ना? बाटली पाच दिवस अंधारात असते, आतलं जिवंत शेवाळ तिथे श्वास घेतं, मरतं, त्याला बॅक्टेरिया खातात, सगळा ऑक्सिजन तुझ्या बीओडीत मोजला जातो. म्हणून गाळलेला आणि न गाळलेला असे दोन्ही आकडे दे, आणि सोबत तरंगते घन पदार्थही दे. युरोपच्या १९९१ च्या शहरी सांडपाणी नियमांत तलाव पद्धतीसाठी गाळलेल्या सँपलवर तपासणी चालते, पण न गाळलेल्या पाण्यात तरंगते घन पदार्थ लिटरला १५० मिलिग्रॅमच्या वर नकोत अशी अट सोबत आहे. अजून एक, तुझ्या सँपलमध्ये ऑक्सिजन जरुरीपेक्षा जास्त भरलेला असणार, तो आधी हलवून किंवा हवा सोडून खाली आण, नाहीतर बाटलीत बुडबुडा धरतो आणि पहिलं रीडिंगच चुकतं.

नायट्राइट वेगळा मोज. प्रखर प्रकाश आणि मोकळा अमोनिया दोन्ही नायट्राइट खाणाऱ्या बॅक्टेरियांना दाबतात, त्यामुळे स्लज घातल्यावर नायट्राइट साठण्याची शक्यता आहे, आणि तो सीओडीतही दिसतो, १ मिलिग्रॅम नायट्राइट नायट्रोजनमागे १.१ च्या आसपास. तसंच घन पदार्थांच्या वजनावरून शेवाळ किती आणि बॅक्टेरिया किती ते कळत नाही, त्यासाठी क्लोरोफिल-ए (शेवाळातलं हिरवं रंगद्रव्य) काढ.

गाळमित्र:
लाइट बाराच. चोवीस तास ठेवलास तर रात्र कधी येतच नाही आणि खऱ्या तलावाचा अर्धा स्वभाव तुला दिसणारच नाही. डीओ आणि पीएच लाइट लागायच्या जरा आधी घे आणि लाइट बंद व्हायच्या जरा आधी घे, या दोन वेळा सगळ्यात जास्त बोलतात. पहाटेचा डीओ शून्यावर असेल तर घाबरू नकोस, वास आला किंवा गाळ काळा पडला तर मात्र स्लज जास्त झालाय.

उडालेला अमोनिया दाखवायला एक टाकी फक्त त्यासाठी लाव. तेच पाणी पण ग्लुकोज वगळून, शेवाळ-स्लज काही नको, कॉस्टिक सोडा घालून पीएच तुझ्या टाकीइतका वर नेऊन ठेव, अंधारात, तोच स्टरर, तोच वेग, तेवढीच उघडी. त्यात जेवढा अमोनिया कमी होईल तो नुसता उडालेला. शिवाय जमलं तर तुझ्या शेवाळाच्या एका टाकीला झाकण लावून आतली हवा पातळ सल्फ्युरिक ॲसिडमधून काढ, ॲसिडमध्ये अमोनिया अडकतो आणि तिथे मोजता येतो, मग परीक्षकांसमोर आकडाच ठेवता येईल. एक टाकी फक्त स्लज आणि अंधार, एक फक्त शेवाळ, एक दोन्ही मिळून. आणि नायट्रिफिकेशनचा वाटा वेगळा काढायचा असेल तर दोन्ही मिळूनच्या अजून एका टाकीत ॲलिल थायोयुरिया (नायट्रिफायर्सना थांबवणारं रसायन) घाल, बीओडीला वापरतात तोच, लिटरला १० मिलिग्रॅम.

मृद्गंध:
झाकण आणि ॲसिडवाली टाकी उद्याच लावते. गाळमित्र दादा, ॲसिडच्या बाटलीतून हवा ओढायला छोटा पंप लावला तर टाकीतला ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइडही ओढला जाईल ना? मग पीएच वेगळाच यायचा.

गाळमित्र:
जाईल, म्हणून हवा पाण्यात बुडबुडे न काढता फक्त पाण्याच्या वरच्या मोकळ्या जागेतून हळू ओढायची, आणि शेजारी झाकण नसलेल्या टाकीचा पीएच रोज ताडून बघायचा. दोघींचा पीएच ०.१-०.२ च्या आत राहिला तर आकडा धरायला हरकत नाही, त्याहून जास्त फरक पडला तर पंप अजून कमी कर.